चिठ्ठीत निघालेली गाडी

पिएलावेसी,
रविवार, ९ मार्च

प्रिय काउको,

प्लास्टरमधला पाय फार खाजतो का? तुझी बायको हिल्क्का सांगत होती, तू नर्सकडे विणायची सुई मागितलीस म्हणून. इकडची काळजी करू नकोस. तुमच्या अंगणातला बर्फ मी उपसला, सरपण आत नेऊन रचलं. हिल्क्काने कॉफी दिली, गोड बन दिला आणि दहादा आभार मानले. तो बन मी न खाताच खिशात घालून घरी आणला.

खरं तर मला गाडीबद्दल लिहायचंय. दोन दिवस नुसते कागद फाडतोय.

यंदाच्या शर्यतीत माझी गाडी गोठलेल्या तळ्याच्या बर्फावर कशी पळत होती ते तू पाहिलंस. चारही चाकांना जोर होताच, पण वळणावर मागचं एक चाक उगाच भिरभिरायचं. म्हणून सबंध हिवाळा मी मागच्या दोन चाकांत जोर वाटणाऱ्या डिफरन्शियलवर घालवला. दोन्ही चाकांनी मिळून ओढावं म्हणून आत चकत्या बसवल्या, गिअरच्या दातांना रंग फासून ते नीट टेकतात का ते पुन्हा पुन्हा पाहिलं. शहाणा माणूस असं करत नाही. शर्यत संपली की ठरल्या किमतीत कुणीही कुणाचीही गाडी विकत मागावी, मागणाऱ्यांत चिठ्ठी निघेल त्याची ती, आणि नाही म्हणणाऱ्याचं शर्यतीचं लायसन्स गेलं, हा आपल्या क्लबचा नियम. म्हणून तर कुणी गाडीत जीव ओतत नाही. मी मूर्खाने ओतला.

चिठ्ठी तुझ्या नावाची निघाली. तू हसलास आणि माझं डोकंच फिरलं. दुसरा कुणी असता तर सोसलं असतं, पण माझाच काउको माझ्या गाडीवर टपून बसला होता! उद्या नेतो, आजची रात्र हिच्याशी गप्पा मार, असं म्हणालास. मला वाटलं, खिजवतोयस.

घरी येऊन मी नवा डिफरन्शियल काढला आणि जुना बसवला. तोच, ज्याचे आतले गिअर मी मागे वेल्डिंग करून जखडून टाकले होते. त्या वेल्डिंगला चीर गेली होती. ती मी पाहिली, काउको. दिव्याखाली धरून पाहिली. वाटलं, दोन फेऱ्यांत मोडेल, तुझी फजिती होईल, बस्स. तुटका तुकडा दातांत अडकेल, भर वेगात मागची चाकं आवळली जातील आणि तू तळ्याकाठच्या दगडांवर जाऊन आदळशील, हे डोक्यातच आलं नाही. यायला हवं होतं. जन्म गेला माझा या कामात.

क्लबात सगळे म्हणतात, काउकोचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही. मी तिथे उभा राहून मुकाट ऐकलं. उद्या दोन्ही डिफरन्शियल त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवतो आणि सगळं सांगतो. लायसन्स जाईल, जाऊ दे. पण आधी तुला कळायला हवं.

परवा दवाखान्यात तू माझा हात धरलास आणि म्हणालास, "ओस्मो, माफ कर रे. गाडी परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून मी नाव टाकलं होतं. शनिवारी तुझ्या दारात आणून लावणार होतो. एक फेरी मारायचा मोह झाला आणि मोडून बसलो."

आणि मी तुझ्या हातावर थोपटत म्हणालो, "असू दे, केलं माफ."

मी तुला माफ केलं, काउको! त्या क्षणापासून मला आरशात बघवत नाही.

'तुझा' असं लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसताच,
ओस्मो