रॅकवरचा बल्ब

आप्पा, आज घरचा टेस्टिंगचा रॅक रिकामा करून पुन्हा लावायला घेतला आणि तुमचा इतका राग आला, की हातातली पक्कड जमिनीवर आपटली. तुम्हाला जाऊन वर्षं लोटली, पण राग काही शिळा होत नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायची मला कुणी सक्ती केलेली नाही, म्हणून आज स्पष्टच लिहिते.

सिल्वासातली आपली ती एकच खोली. कारखान्यातले बिघडलेले स्टॅबिलायझर तुम्ही दुरुस्तीला घरी आणायचात. स्टोव्ह आणि मोरी यांच्यामधल्या अडीच फुटांत तुमचा लोखंडी पट्ट्यांचा रॅक, आणि त्यावर सगळं एकमेकांत गुंतलेलं. आयटीआयच्या सुट्टीत तो मी लावला. जड ट्रान्सफॉर्मर तळाला, मीटर डोळ्यांसमोर, प्रत्येक तपासणीला वेगळी फळी, वायरी आईच्या जुन्या बांगड्यांत अडकवून खिळ्यांना टांगलेल्या. आणि सगळ्यात वर, भाकरी थापतानाही दिसेल असा, शंभर वॅटचा बल्ब. वीज आधी त्या बल्बातून जायची आणि मग तपासायच्या वस्तूत. आत शॉर्ट असला की बल्ब भगभगून पेटायचा, वस्तू वाचायची. ही युक्ती तुम्हीच शिकवलीत. "बल्बबिगर बटन दाबशीन तर हात तोडीन," अशी धमकी देऊन.

गलोंड्याच्या एका कारखान्यात टेस्टिंगला माणसं हवी होती. तिथले पुण्याचे साहेब माझं काम बघायला रविवारी सकाळी घरी येणार होते. त्यांना बोलावलंत तुम्हीच, हे मी नाकारत नाही. पण मी दूध आणायला गेले तेवढ्यात तुम्हाला टापटिपीचा झटका आला. उंचीप्रमाणे खोके लावलेत, वायरी पडद्यामागे कोंबल्यात, बल्ब काढून कपाटात टाकलात आणि वीज थेट जोडून ठेवलीत. वर बल्ब आणि टांगलेल्या वायरी, लग्नघरासारखं दिसतंय, साहेब हसतील, असं तुम्ही म्हणालात म्हणे. आईनं मला हे नंतर सांगितलं.

साहेब येतात, खुर्चीत बसतात, पिशवीतून बंद पडलेला स्टॅबिलायझर काढतात. "लाव बघू, काय झालंय याला?" मी जोडते, बटण दाबते. धाडकन आवाज, धूर, सगळ्या चाळीची वीज जाते. आणि तुम्ही, माझ्याकडे न बघता, म्हणता, "हिले किती वेळा सांगितलं साहेब, रॅकले हात लावू नको म्हणून!" साहेब अर्धा चहा ठेवून उठतात. "टेस्टिंगला असं बेफिकीर माणूस चालत नाही हो," एवढंच बोलतात.

त्यानंतर आठ वर्षं मी अथालच्या कारखान्यात खोकी चिकटवली, आप्पा. मीटर हाताळायला शिकलेल्या हातांनी चिकटपट्ट्या ओढल्या. तुम्ही रोज समोर जेवायला बसायचात, आमटी अळणी झाली तर लगेच बोलायचात, पण 'बल्ब मी काढला होता' हे चार शब्द तुमच्या तोंडून निघाले नाहीत. दवाखान्यातसुद्धा तुमचं शेवटचं बोलणं काय, तर रॅकवर ओलं काही ठेवू नका. मी काय तुमच्या रॅकपेक्षा स्वस्त होते?

आता माझा रॅक माझ्या मनासारखा लागलाय. दुरुस्तीची कामं माझ्याच नावानं येतात. बल्ब सगळ्यात वर आहे, आल्यागेल्याला दिसतो, कुणी हसत नाही. हा कागद कुठं पाठवायचा नाही, घडी करून मीटरच्या खाली सरकवते. म्हणून एक गोष्ट लिहायला हरकत नाही, जी आईलाही मी कधी सांगितली नाही. दूध घेऊन दारात आले तेव्हाच माझी नजर वर गेली होती. बल्ब जागेवर नव्हता. मी मांडलेलं सगळं तुम्ही मोडलं होतंत, आणि साहेबांसमोर तुमची चांगली जिरावी असं मला वाटलं. मी बघून-सवरून बटण दाबलं.