मुकी नळी

४ ऑक्टोबर
उत्तर समुद्राच्या बांधाकाठचं हे गाव आणि चर्चमधली वादकाची जागा, दोन्ही मला मिळालं. मी फार खुशीत आहे. ऑर्गन म्हातारा असला तरी त्याचा प्रिन्सिपल, म्हणजे दर्शनी मोठ्या नळ्यांची रांग, अजून खणखणीत आहे. बाकीचे सगळे स्वर तिच्याच जिवावर उभे. फक्त सर्वांत खालची नळी मुकी. त्यार्क म्हणाला, तुझं वाजवणं ऐकून तिने मौन धरलंय. माझा नवरा ऑर्गन जुळवणारा, त्यामुळे असली टवाळी रोजचीच.

चर्च सांभाळणाऱ्या व्युबेनाबाईंनी चहात खडीसाखर टाकत बजावलं, आधीचे वादक ओनकेन तिथेच वादकाच्या बाकावर वारले, तेव्हापासून ती गप्प आहे. गप्पच राहू दे बाई. आम्ही हसलो. नाताळात मला पुरा प्रिन्सिपल हवाय.

९ ऑक्टोबर
नळ्या जुळवायला घेतल्या. त्यार्क दार उघडून ऑर्गनच्या पोटात, मी बाहेर पट्ट्यांपाशी. आतलं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून नेहमीची रीत: आतून एक टकटक झाली की मी पुढची, खालची पट्टी दाबायची. दुपारभर तशी खाली खाली गेले. शेवटच्या पट्टीला मुक्या नळीतून फुंकर आली. आनंदाने मागे वळले, तर त्यार्क चहाची किटली घेऊन जिना चढत होता. म्हणाला, मी केव्हाचा बाहेर आहे, तू कुणासाठी वाजवतेयस?

लाकूड तडकलं असेल, असं आम्ही ठरवलं.

१२ ऑक्टोबर
नळी बोलायला लागली. त्यार्कला मात्र दम लागतो. बांध चढताना दोनदा बसला. डॉक्टर म्हणतात, छाती साफ आहे.

१५ ऑक्टोबर
आज ती घुमली आणि त्यार्क बाकावरच वाकला. ती भरते तसा तो रिकामा होतोय. व्युबेनाबाई रागावल्या, तिला श्वास दिलात की ती परत करत नाही. मला भीती वाटते.

१७ ऑक्टोबर
नळ्यांना हवा पुरवणारा विजेचा पंखा बंद ठेवून त्यार्क नळी काढायला आत गेला. धप्पकन आवाज — तो आत पडला होता, श्वास नव्हता. बाई ओरडल्या, पंखा लावा, ती पट्टी दाबा, त्याचा श्वास तिच्यातच आहे.

दाबली. उघड्या दारातून त्याची छाती हलताना दिसतेय. बोट उचललं की थांबते. पेन्सिल अडकवून पाहिली — नाही, माझंच बोट लागतं. बाई डॉक्टरांना आणायला गेल्यात. डाव्या हाताने लिहितेय, नाहीतर किंचाळेन.

आतून टकटक. त्यार्कचे हात तर निपचित —

पुन्हा. खालची पट्टी मागतोय. याच्या खाली पट्टीच नाही.

वादळ बांधावर आलंय. दिवे लुकलुकले. पंख्याचा आवाज खाली खाली —