उतरणीची पानं

सोमवार, १ डिसेंबर

नवी नोकरी, नवी वही! मुकुंदवाडी स्टेशनाजवळच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर ऑफिस. लिफ्ट नाही. सहासष्ट पायऱ्या, मी मोजल्या. डोंगरावर नेणाऱ्या कंपनीला लिफ्ट शोभलीही नसती म्हणा. मालक राजेंद्र सर. आफ्रिकेतल्या किलिमांजारोवर आठ वेळा जाऊन आलाय हा माणूस, पण सांगतो असं की पैठणला जाऊन आला. मंजुषाताई बुकिंग बघतात आणि चहा स्वतःच करतात, दुसऱ्याच्या हातचा त्यांना पटत नाही. आणि मी संघपाल, गंगापूरचा. आजवर लोकांना गड-किल्ले दाखवत फिरलो, आता टेबलावर बसून आखायचं. फेब्रुवारीत नऊ जण किलिमांजारोला जाणार. कुठल्या दिवशी किती चढायचं, मुक्काम कुठं, पाणी कुठं, सगळा सात दिवसांचा बेत माझ्याकडं.

सरांनी लाल पाठीची जाड वही दिली. एकच अट घातली. मागची वीस पानं उतरणीची, आणि ती आधी भरायची, चढ नंतर. वर न्यायचं कुणालाही सुचतं, खाली आणायचं आधी लिहून ठेवावं लागतं, असं म्हणाले. मी म्हटलं, परतीची तिकिटं अजून पक्की नाहीत, उतरण शेवटी लिहितो. ते काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

इतका गुळगुळीत कागद उगाच कोरा पडलाय, म्हणून ही रोजनिशी त्या मागच्या पानांवरच लिहितोय. पानं थोडीच संपणार आहेत.

बायको सरिता बाळंतपणाला माहेरी, बिडकीनला. डॉक्टरांनी पंधरा तारीख दिलीय. तेराला शनिवारी पोहोचतो म्हणून शब्द दिला. डोहाळजेवणाला मी तीन तास उशिरा गेलो होतो, ते तिनं आज पुन्हा ऐकवलं. यावेळी चुकणार नाही.

बुधवार, ३ डिसेंबर

इथली पद्धत लई भारी आहे. बेताचं जे पान लिहिलं, ते नियोजकानं आधी स्वतः चालायचं. कुठं? जिन्यात! पाठीवर दहा किलोची बॅग आणि हातात वही घेऊन. फोन न्यायचा नाही. न चाललेलं पान म्हणजे थाप, असं सर म्हणतात. आज पहिला दिवस चाललो, माचामेच्या फाटकापासून पहिल्या तळापर्यंत. अकरा वेळा वर, अकरा वेळा खाली. दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणक्लासच्या बायका दारात येऊन हसत होत्या. हसू द्या. तिकडचे वाटाडे 'पोले पोले' म्हणतात, म्हणजे हळूहळू. मी तेच म्हणत चढलो.

दाराशी खुंटीला एक हेल्मेट लटकतंय, धूळ खात. माझ्याआधी हे काम करणाऱ्या कृष्णाचं. एक दिवस न सांगता गेला तो गेलाच, हेल्मेट न्यायलाही आला नाही. असतात काही माणसं अशी, बेफिकीर.

शुक्रवार, ५ डिसेंबर

दुपारी शहागंजच्या बाजारात गेलो आणि राहवलं नाही. लाल बूट घेतले, चालताना पीं पीं वाजणारे. बिडकीनच्या जीपवाल्याकडं पाठवून दिले. संध्याकाळी सरिताचा फोन आला. अहो, हे बूट चालणाऱ्या पोराचे आहेत, दीड वर्ष डब्यात ठेवू का म्हणाली. ठेव म्हटलं. चिडली, पण हसत होती.

दुसऱ्या दिवसाचं, 'शिरा' नावाच्या पठाराचं पान चाललो. एक गंमत झाली. वर जाताना सहासष्ट पायऱ्या, खाली येताना सत्याहत्तर भरल्या. अकरा पायऱ्या माझ्या बापानं बांधल्या का? मोजण्यात चुकलो असणार, सारखं बुटाचंच डोक्यात होतं.

मंजुषाताईंनी विचारलं, उतरण लिहिली का? लिहितो म्हटलं.

सोमवार, ८ डिसेंबर

मोजण्यात चूक नव्हती.

आज बारांको आणि कारांगा, तिसऱ्या-चौथ्या दिवसाचे तळ, दोन्ही पानं चाललो. वर जायला नेहमीइतकाच वेळ लागला. खाली यायला पाऊण तास. शिवणक्लासचं दार दिसलं, खाली उतरलो, पुन्हा शिवणक्लासचंच दार. आत मशिनी चालू, पण दारात कुणी नव्हतं. चौथ्यांदा तेच दार ओलांडलं तेव्हा कुठं खालचं फाटक दिसलं. कुणाला बोललो नाही. हसतील.

ताईंना मात्र चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, समोर चहा ठेवला आणि हळू आवाजात सांगितलं की कृष्णानंही उतरण लिहिली नव्हती. ती लिहून होईपर्यंत बॅग घेऊन जिन्यात पाऊल टाकू नको. सर पुण्याला गेलेत, ते आले की बोल.

मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण रागही आला. शिकलेल्या माणसांनी असलं काही बोलावं? शेवटची दोन पानं राहिलीत. ती चालून टाकली की शनिवारी मी मोकळा.

बुधवार, १० डिसेंबर

ताई बँकेत गेल्या आणि मी बॅग उचलली. पान पाचवं, बराफूचा तळ. बराफू म्हणजे तिकडं बर्फच, आपल्या शब्दाचं भावंड. पान सहावं, शिखर. दोन्ही चाललो. वरच्या पायरीवर टेकलो, बेत संपल्याची रेघ मारली आणि उतरायला लागलो.

उतरतोच आहे.

दारं गेली. शिवणक्लास नाही, पाट्या नाहीत. अकरा पायऱ्या, कठडा, अकरा पायऱ्या, कठडा. परत वर गेलो तर ऑफिसही नाही, तशाच पायऱ्या. भिंतीतल्या जाळीतून ऊन येतंय, चारचं असावं तसं. ते हलत नाही. जाळीतून खाली स्टेशन दिसतं, लांब, काडेपेटीएवढं. ओरडलो. घसा बसला.

१० डिसेंबरच? ऊन तिथंच

झोपून उठलो दोनदा. थंडी वाढलीय, बोटं वळत नाहीत. पाणी संपलं. बॅगेत वजनाला भरलेली तूरडाळ आहे, तीच चावतोय.

शनिवार झाला का? सरिता वाट बघत असेल. पुन्हा उशीर केला म्हणत असेल —

नंतर

कठड्याशी माणूस बसलाय. मांडीवर माझ्यासारखीच लाल पाठीची वही. म्हणजे हाच कृष्णा.

मी त्याला हलवलं. ऑफिस कुठं, खाली कसं जायचं, तू इथं किती दिवस — सगळं विचारलं. त्यानं त्याची वही पुढं केली. मागची वीस पानं गच्च भरलेली. क्रिकेटचे स्कोर, गाण्यांच्या याद्या, कुणाकुणाचे नंबर. समाससुद्धा भरलेला. शेवटी अगदी तळाला बारीक अक्षरात 'उतरण' एवढंच, पुढं जागा नाही.

मग तो एकच वाक्य बोलला.

"तुझी मागची पानं मोज."

मोजली. बूट, चहा, हेल्मेट, शिवणक्लासच्या बायका — माझीच बडबड, पानामागून पानं. ही वही सोडून दुसरा कागद नाही. एक पान उरलंय. आणि हे लिहिण्यात त्यातलंही अर्धं —

उतरण

शिखरावरून खाली, टप्पा एक.

आला! ओळ लिहिली आणि खाली दार दिसलं, शिवणक्लासचं! एका ओळीला एक टप्पा. या ओळी फुकट गेल्या. गप्प बस संघपाल.

टप्पा दोन.
टप्पा तीन.
टप्पा चार. जुनं खोडून त्यावर लिहून पाहिलं, चालत नाही.
टप्पा पाच. समासात लिहिलं तर पायऱ्या अर्ध्याच आल्या.
टप्पा सहा.
टप्पा सात. कृष्णा मागून आला नाही. त्याला येता येत नाही.
टप्पा आठ. खालून गाड्यांचे आवाज. लिंबाचं झाड दिसतंय.
टप्पा नऊ. कुणाचंतरी पोर खेळतंय खाली. पीं पीं.
टप्पा दहा.

फाटक दिसतंय. फक्त अकरा पायऱ्या. सरिता उभी आहे, हातात माझा फोटो, ऑफिसच्या पाटीकडं बघतेय. बारीक झालीय. तिचं बोट धरून एक पोरगी. पायात लाल बूट. चालतेय. माझी पोरगी चालतेय —

सरिता तिला सांगतेय, "इथंच होते तुझे पप्पा कामाला."

मी हाका मारतोय, तिला ऐकू जात नाही. पोरीनं मात्र वर बघितलं.

एकच ओळ उरली. तिच्यात टप्पा अकरा एवढंच लिहायचं, बाकी एक शब्द नाही, सरिता, थांब, जाऊ नको, मी इथंच आहे गं, आलोच, फक्त ट