बोटीच्या नंबरची पट्टी

रविवार संध्याकाळ, पनवेल

पट्टी नाहीच मिळाली. नारळी पौर्णिमेआधी गव्हाणच्या खाडीवर बोट रंगवताना आमची बोट सांभाळणाऱ्या हरिभाऊंनी ती उचकटून ठेवली. आता म्हणतात, "हितंच ठेवली व्हती वयनी, नाय गावत." वर बोट छान दिसावी म्हणून स्क्रूची भोकंही बुजवली. रागावू तरी कशी?

हे गेले, बोट माझ्या नावावर करायची, तर बंदराच्या ऑफिसात पट्टीवरचा नंबर हवा. कागद ह्यांनी कुठे ठेवलेत देव जाणे. बोट बांधणाऱ्या कारखान्यात विचारलं, तर तिथून फोन आला, "मॅडम, जुन्या पट्टीचा एखादा फोटो पाठवा, तशीच नवी करून देतो."

तेव्हापासून मोबाइलमधले फोटो मोठे करकरून बघतेय. पट्टी मागे, इंजिनाच्या शेजारी. दरवर्षी पूजा इंजिनाचीच, म्हणजे फोटोही तिथलेच. वाटलं, झालं काम. पण एका फोटोत झेंडूचा हार नेमका पट्टीवर आलाय. आणि बाकी सगळ्यांत हे. हातात नारळ, पोट पुढे, हसत, बरोबर पट्टीसमोर.

शेवटी मी मोठ्यानेच म्हणाले, "अहो, जरा बाजूला व्हा ना."

आणि मग मोबाइल बंदच केला. हे खरंच बाजूला झाले असते तर?