पुसलेला प्लेअर

सोमवार, संध्याकाळ

केवढी चूक झाली माझ्या हातून! सासूबाई गेल्या, पण त्यांनी म्हटलेली भुलाबाईची गाणी या छोट्या प्लेअरमध्ये होती, व्हिडिओसकट. नणंदबाईंनीच भरली होती. दुसरीकडे कुठंच नाहीत.

मला त्यात भजनं हवी होती. डबा रिकामा करून, पुसूनच नवं भरायची माझी सवय. मलकापूरच्या दुकानदाराला म्हटलं, आधीचं सगळं काढ. मला वाटलं, डब्यातलं धान्य परातीत राहतं, तशी गाणी त्याच्याकडे राहतील. विचारलं का नाही मी?

सगळं पुसल्यावर तो म्हणतो, "काकू, याच्यात गावभराचे गाणे मावते. खाली काऊन कराले लावलं?" परत येतील का विचारलं, तर म्हणे, आता नाही येत.

परातीत काहीच नाही.

मघाशी जळगाव जामोदहून नणंदबाईंचा फोन. "वैनी, परवा येतो वं. मायचे गाणे लावून ठेव, पोरीले दाखवाचे हायेत." मी "हाव, लावून ठेवतो" म्हणून बसले. काऊन म्हटलं?

दिवा लावताना देवाजवळ कबूल केलं. पण देवाला काय, त्याला आधीच ठाऊक. उद्या सकाळी नणंदबाईंना सांगते. गाण्यांसाठीच तर येत आहेत त्या. बसमध्ये बसायच्या आधी कळू दे, मग माहेरी यायचं की नाही, ते त्या ठरवतील.