पाहुण्यांच्या खोलीतला थर्मोस्टॅट

अहो,

"आमचं हीटिंगच्या गॅसचं बिल सगळ्यांत कमी" असं इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला चारचौघांत मिरवायला मिळेल, एवढाच काय तो तुमचा फायदा होता. त्यासाठी केलेली करामत आज मला सापडली.

पाहुण्यांची खोली आवरताना ऊब कमी-जास्त करायचा भिंतीवरचा थर्मोस्टॅट निघून हातातच आला. मागे एकही वायर जोडलेली नाही! बेसमेंटमध्ये जाऊन पाहिलं, तर त्या खोलीच्या हीटरला गरम पाणी सोडणारा व्हॉल्व्ह तुम्ही हॉलच्या थर्मोस्टॅटला जोडलेला. हॉल तर लाकडांच्या फायरप्लेसने आधीच तापलेला असतो, मग तो व्हॉल्व्ह उघडणार कधी? आणि भारतातून आलेल्या कस्तुरीवन्सं बिचाऱ्या रोज काटा फिरवत बसल्या. "वाढव की, तुला कोण नाही म्हणतंय?" असं वर तुम्हीच म्हणत होतात.

बॉयलरचा स्विच बंद करून त्या दोन वायरी मी जागेवर जोडल्या आहेत. तुम्ही वायरिंग करत होतात तेव्हा टॉर्च मीच धरला होता, डोळे मिटून नव्हे. खोली आता छान तापते आहे. पुन्हा हात लावलात, तर बिल कसं कमी येतं ते मंडळात मी सांगेन, माइकवरून.

थंडी सोसवेना म्हणून वन्सं आपल्या मुलाच्या, अनुपच्या कॉन्डोत, त्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये जाऊन राहिल्या, आणि आता परतीचं तिकीट अलीकडचं करून द्या म्हणतात. त्यांना घेऊन यायला निघाले आहे. आमटी गरम करून घ्या.

कौतुक तुमचं होणार होतं. स्वेटरवर स्वेटर चढवून, कानटोपी घालून झोपली ती तुमची सख्खी बहीण.

पद्मजा