सत्कार नको म्हणायची पद्धत

५ ऑक्टोबर, रविवार
पुढच्या महिन्यात पाच तारखेला रंगभूमी दिन. आमच्या धरमपेठेतल्या 'रंगसंवाद' मंडळाने यंदा एका ज्येष्ठ रंगकर्मीचा सत्कार करायचं ठरवलंय. नागपुरात ज्येष्ठ म्हणावं असं उरलंय कोण? मीच. बँकेच्या नाट्यस्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस, तेही दोनदा. शिवाय निवड समितीतही मीच.
संकल्प: रोज सकाळी आवाजाचा रियाज. महिन्याला एक तरी नाटक तिकीट काढून बघायचं. सत्काराला उत्तर म्हणून भाषण, विषय 'नाटक साजरं का करावं'. त्यात 'नाटक हा समाजाचा आरसा आहे' हे वाक्य येणार नाही. ते सगळेच म्हणतात.

८ ऑक्टोबर
रियाज नाही. आवाज लावला की शेजारचं कुत्रं रडतं.
भाषणाआधी मानपत्र लिहून टाकलं. दुसऱ्याच्या हाती दिलं तर वाट लावतात. नावाची जागा सभ्यपणे कोरी ठेवली. 'आपण घरदार विसरून रंगभूमीची सेवा केलीत. आपला आवाज गावोगावच्या रसिकांच्या कानांत घुमतो आहे.' लिहिताना दोनदा चष्मा पुसावा लागला. सुमतीला वाचून दाखवलं. बायको म्हणून तरी तिने दाद द्यावी! म्हणाली, घरदार कधी विसरले तुम्ही? बँकेतून सहाच्या ठोक्याला चहाले हजर राहात होते.
पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं.

१२ ऑक्टोबर, रात्री
मीटिंग. अध्यक्ष सुमंतरावांनी अपेक्षेप्रमाणे माझं नाव सुचवलं. मी पद्धतीप्रमाणे म्हणालो, छे छे, मला कशाला, दुसऱ्या कोणाला द्या.
यावर समोरच्याने 'असं कसं, तुम्हीच' म्हणायचं असतं. आपण पुन्हा नको म्हणायचं. तिसऱ्या वेळी मान खाली घालायची. वाडवडिलांपासून हे असंच चालत आलंय. पण सचिव म्हणून ती चिन्मयी आहे ना, कालची पोर, ती म्हणाली, काका, किती मोठं मन आहे तुमचं! आणि लगेच 'अनंतकाकांचा विनम्र नकार' असं लिहूनही घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सवयीने मी वाकून टाळ्या स्वीकारल्या.
घरी सुमती म्हणाली, अहो, नकार द्यायचाच नव्हता तर काहून दिला? भाच्याच्या, रजतच्या लग्नात जिलबीले असंच नको म्हणाले. वाढणारा पुढे निघून गेला, अन् मग आठ दिवस माझ्यावर चिडून राहिले.
जिलबीचा इथे काय संबंध?

१५ ऑक्टोबर
सत्कार रुपरावांचा! झाडीपट्टीतला नट. तिकडे गडचिरोली-भंडाऱ्याकडे धान निघालं की मंडप ठोकून रात्रभर नाटकं करतात, त्यातला. मधेच गाणी, मधेच नाच, लाऊडस्पीकर. याला काय रंगभूमी म्हणायचं? दिवाळीनंतर होळीपर्यंत हा माणूस घरी झोपत नाही म्हणे. मी म्हणतो, घरच्यांनी काय करायचं?
चिन्मयीला मानपत्र हवं होतं. तयार आहे, हे माझ्या तोंडून निघून गेलं. वाचून म्हणाली, काका, अगदी त्यांच्यावरच लिहिलंय की हो!
फक्त मानपत्र मीच वाचणार, एवढं कबूल करून घेतलं. माझी वाक्यं दुसऱ्याच्या तोंडी मला सहन होणार नाहीत.

२६ ऑक्टोबर
संकल्पाप्रमाणे नाटक बघितलं. तिकीट काढणारच होतो, पण पास मिळाला. हॉल अर्धा रिकामा. या गावाला नाटकाची चाडच राहिली नाही. गाडी अडकू नये म्हणून मी मध्यंतरात निघालो.

५ नोव्हेंबर, दुपार
रुपरावांच्या आधी मला दहा मिनिटं मिळाली आहेत. भाषण झालं लिहून. शेवटी 'आरसा' घालावाच लागला. खुर्च्या कमी मांडायला सांगितल्यात. या माणसाला इथे कोण ओळखतं? फोटोत रिकाम्या खुर्च्या बऱ्या दिसत नाहीत.

६ नोव्हेंबर, सकाळ
तीन गाड्या भरून माणसं आली. खुर्च्या पुरल्या नाहीत. बायका पोरं घेऊन खाली सतरंजीवर बसल्या. रुपराव गॉगल लावून, बोटांत चार अंगठ्या. माझ्या भाषणात लोक शांत होते, म्हणजे एकमेकांशी बोलत होते.
मग इथल्याच नंदनवन भागातल्या सरिताबाई उठल्या. माहेर झाडीपट्टीतलं, वडसा. म्हणाल्या, मी लहान होती, रुपरावभाऊ नाटकात दारुड्या बापाचं काम करून राहिले होते. त्यानं पोरीले मारलं, अन् माझा बाप मंडपात उभा राहून वरडला, सोड तिले! घरी आल्यावर रात्रभर ओट्यावर बसून राहिला. त्या दिवसापासून आमच्यावर हात नाही उचलला त्यानं.
खरं तर प्रेक्षकाने मधे बोलणं हा रसभंग आहे. पण तेव्हा मला ते सुचलं नाही.
मानपत्र वाचायला उभा राहिलो. 'घरदार विसरून' पाशी समोरच्या सगळ्या माना हलल्या. 'गावोगावच्या रसिकांच्या कानांत' पाशी एक म्हातारा रडला. माझंच वाक्य. माझ्याविषयी लिहिलं तेव्हा फक्त मी रडलो होतो.
खाली उतरल्यावर रुपरावांनी माझा हात धरला. म्हणाले, साहेब, आवाज लय दमदार हाय तुमचा. नव्या नाटकात बापाचा रोल खाली हाय. येता काय गा आमच्यासंगं?
इतक्या वर्षांत असं कोणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर आयुष्यात नव्हतं. ती सतरंजी, तो म्हातारा. मला जायचं होतं.
तोंडातून निघालं, छे छे, आता कुठे, वय झालं.
आणि मी थांबलो. दुसऱ्यांदा विचारलं की 'बघू' म्हणणार होतो.
रुपराव म्हणाले, हो गा, ते बी खरंच हाय. रातभर जागनं जमत नाही या वयात. शाल सावरली आणि गाडीत जाऊन बसले.

९ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी सात
उमरेडजवळ एका गावात आज रुपरावांचं नाटक. सरिताबाईंनी गाडी केली आहे. सुमतीही निघाली. स्वेटर, शाल, थर्मासमध्ये चहा. माझ्यासाठी वरण-भात झाकून ठेवलाय.
निघताना विचारलं, येता का? एक जागा आहे गाडीत.
मी म्हणालो, मला नको.
ती दारात चपला घालत होती. मला वाटलं, आता वळून म्हणेल, चला ना. निदान एकदा. बरं म्हणाली आणि गेली.
भूक नाही. इस्त्रीची पँट आणि मोजे मी दुपारपासूनच घालून बसलो होतो. अजून काढलेले नाहीत.